तिग्वाची चित्रं: घरी येणारे हमखास विचारतात ते प्रश्न

आमच्या पुण्याच्या घरात सोफ्याच्या वर एक चित्र टांगलेलं आहे. दीड वीत उंच, दोन विती रुंद. त्यात बर्फाचा एक डोंगर आहे आणि त्या डोंगराला डोळे, नाक, तोंड आहे. वर आकाशात एक दांडगा काळा पक्षी एका पोरीला पाठीवर घेऊन चाललाय. चहाचा कप हातात आला की पाहुण्यांची नजर तिकडे जाते आणि प्रश्न सुरू होतात. आम्ही दोन वर्षं इक्वाडोरमध्ये, किटोला होतो, तेव्हा घेतलेलं हे चित्र. गेली काही वर्षं मी तीच उत्तरं देतेय, म्हणून एकदाची लिहून टाकते.

हे चित्र नक्की कुठलं?

तिग्वाचं. इक्वाडोरच्या कोतोपाक्सी प्रांतात, लाताकुंगा शहराकडून किलोतोआच्या सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अँडीज पर्वतात विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांचा हा भाग. उंची साडेतीन हजार मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. वारा असा की बोलताना शब्द उडून जातात. लोक किचवा बोलतात आणि बटाटा, बार्ली, शेंगवर्गातली धान्यं पिकवतात. मेंढ्या असतात, थोडे लामा असतात. या वस्त्यांमधले शेतकरीच चित्रकार आहेत. चित्रकार वेगळे आणि शेतकरी वेगळे, असं तिथे फारसं नाही.

डोंगराला तोंड का काढलंय?

कारण तो माणूस आहे. निदान नात्यातला तरी आहे. किचवा लोक चिंबोरासो या डोंगराला ‘ताइता’ म्हणजे बाबा म्हणतात आणि तुंगुरावा या डोंगराला ‘मामा’ म्हणजे आई. (आपल्याकडचा मामा नव्हे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही गोंधळ झाला होता.) दोघं नवरा-बायको. किटोच्या डोक्यावरचा ग्वाग्वा पिचिंचा हे त्यांचं लेकरू, ‘ग्वाग्वा’ म्हणजेच बाळ. लेकरू रडलं की आई उत्तर देते, असं म्हणतात.

आपल्याला हे गोड वाटतं, पण हे सगळे जिवंत ज्वालामुखी आहेत, चिंबोरासो तेवढा शेकडो वर्षं निजलाय. तुंगुरावा १९९९ पासून २०१६ पर्यंत अधूनमधून राख ओकत होता. माझ्या चित्रातला डोंगर कोतोपाक्सी, ५,८९७ मीटर उंच. १८७७ साली तो फुटला तेव्हा वितळलेल्या बर्फाचा नि चिखलाचा लोंढा लाताकुंगाच्या खोऱ्यातून घुसला होता. २०१५ मध्ये तो पुन्हा धुमसला. ज्याच्या मूडवर तुमचं घरदार अवलंबून आहे त्याला चेहरा द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा?

सूर्यालाही बहुतेक चित्रांत चेहरा असतो. कडेकपारीकडे नीट बघितलंत तर कधीकधी एखादा खडकही तुमच्याकडे बघताना सापडतो.

तो पक्षी आणि ती पोरगी? अपहरण आहे का?

आहे आणि नाहीही. पक्षी कोंडोर, किचवात ‘कुंतुर’. गिधाडाच्या जातीचा, पंख पसरले की तीन मीटर. अँडीजभर सांगितल्या जाणाऱ्या या कथेचे पाठभेद पुष्कळ आहेत. तिग्वात मी ऐकलेला ढाचा असा. एक पोरगी उंच माळावर मेंढ्या राखत असते. रोज एक देखणा तरुण तिच्याशी गप्पा मारायला येतो. काळा पोंचो, म्हणजे डोकं आत घालून अंगावर सोडायची घोंगडी, गळ्यात पांढराशुभ्र रुमाल. एक दिवस तो म्हणतो, माझ्या पाठीवर बस, गंमत दाखवतो. ती बसते. पोंचोचे पंख होतात, रुमालाची मानेवरची पांढरी पिसं होतात आणि दोघं सुळक्यावरच्या गुहेत पोचतात. आई-बाप रडून हैराण. ती सापडते तेव्हा तिच्या अंगावर पिसं उगवायला लागलेली असतात.

कोंडोर एकदा जवळून बघितला की ही कथा कशी सुचली असेल ते कळतं. अंग काळं आणि मानेभोवती पांढऱ्या लवेचं कडं, अगदी रुमाल गुंडाळल्यासारखं. गोष्ट पक्ष्याच्या अंगावरच लिहिलेली आहे, लोकांनी फक्त वाचली.

इक्वाडोरच्या राजचिन्हावरही कोंडोर पंख पसरून बसलाय. प्रत्यक्षात तिथे तो आता फार कमी उरलाय. चित्रांत मात्र दर दुसऱ्या आकाशात असतो.

म्हणजे ही इंकांची प्राचीन कला ना?

नाही. हा प्रश्न आला की मी कप खाली ठेवते.

पहिली गोष्ट, इक्वाडोरच्या या डोंगरात इंकांचं राज्य आलं ते पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि १५३० च्या दशकात स्पॅनिश आले तेव्हा ते संपलं. जेमतेम दोन-तीन पिढ्यांचा कारभार. त्याआधीही तिथे माणसं राहत होती, त्यांची नावं आपण विचारत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट, ही चौकटीतली चित्रं १९७३ च्या सुमाराला सुरू झाली. हो, एकोणीसशे त्र्याहत्तर. त्याआधी तिग्वातले लोक रंगवायचे ते ढोल आणि मुखवटे. जून महिन्यात ‘कॉर्पस क्रिस्ती’चा सण असतो, त्यात नाचणाऱ्यांसोबत एक वादक चालतो. एका हाताने तो पिंगुयो नावाची छोटी बासरी वाजवतो आणि दुसऱ्या हाताने ढोल. त्या ढोलाच्या चामड्यावर चित्रं असत.

हुलिओ तोआकिसा हे तिग्वातले असे एक ढोल रंगवणारे. किटोमध्ये ओल्गा फिश नावाच्या बाई होत्या. मूळच्या हंगेरीच्या, ज्यू, १९३९ साली युरोप सोडून इक्वाडोरला आलेल्या. लोककलेच्या वस्तू जमवायच्या आणि त्यांचं दुकान चालवायच्या. त्यांनी तोआकिसांचा ढोल बघितला आणि सुचवलं, हेच चामडं सपाट लाकडी चौकटीवर ताणून रंगवलं तर? तोआकिसांनी रंगवलं. मग भावांना शिकवलं, मुलांना शिकवलं, शेजाऱ्यांनी बघून बघून उचललं. त्यांचा मुलगा अल्फ्रेदो आज नावाजलेला चित्रकार आहे. आता शेकडो लोक हे काम करतात.

मग हे पर्यटकांसाठी तयार केलेलं. ‘खरं’ लोककलेत मोडत नाही?

बाजारासाठी सुरू झालं हे मान्यच आहे. पुढचं मात्र मला पटत नाही. या चित्रात ‘अस्सल अँडीयन’ काय आहे ते मोजायला बसलो तर गंमत होते. मेंढी स्पॅनिशांनी आणली. कोंबडी, जिच्या पिसाचा कुंचला होतो, तीही बहुधा त्यांच्याचबरोबर आली. रंग कारखान्यातला. सण ख्रिस्ती. दुकानदारीण हंगेरियन.

आता आषाढी एकादशीला आपल्या घरची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तर थेट अँडीजमधला, हिरवी मिरचीही अमेरिकेतून आलेली. ताटात देशी म्हणावं तर तूप आणि जिरं-मीठ. म्हणून ती खिचडी मराठी नाही असं कुणी माझ्या सासूबाईंना सांगून बघावं.

तिग्वातला माणूस स्वतःचा डोंगर, स्वतःची मेंढरं, आजीने सांगितलेली गोष्ट स्वतःच्या हाताने काढतो. तो विकायला काढतो, म्हणून त्याच्या शेतात वर्ष निघतं. यात खोटं काय आहे, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

आपल्या वारलीसारखंच दिसतंय की!

दिसायला नाही. वारलीत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, माणसं त्रिकोणांची, आणि मोकळी जागा भरपूर. तिग्वात मोकळी जागा ठेवणं जणू गुन्हा. शेतांचे तुकडे गोधडीसारखे एकमेकांना शिवलेले, प्रत्येक तुकड्यात वेगळ्या रेघा, वेगळे ठिपके. रंग भडक, लाल-हिरवा-निळा, उसंत न देणारे.

पण घडलं ते चकित करण्याइतकं सारखं. तिकडे तोआकिसांचं चामडं ढोलावरून चौकटीवर आलं, साधारण त्याच वर्षांत, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, डहाणूच्या भागात भास्कर कुलकर्णी यांनी जिव्या सोमा मशे यांच्या हातात कागद दिला आणि लग्नाच्या चौकातलं चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं. दोन्हीकडे विधीतली कला विक्रीत आली, दोन्हीकडे बाहेरच्या एका माणसाची नजर निमित्त झाली. फरक असा की लग्नाचा चौक लिहिणं हे सवाशिणींचं काम होतं. कागद आला आणि पुरुष पुढे आले. तिग्वात ढोल आधीपासून पुरुषांचाच.

बायका काढत नाहीत का मग?

काढतात. मी ज्या घरी चित्र घेतलं तिथे पार्श्वभूमीची शेतं बाईने भरली होती, मेंढ्या मुलीने, आणि डोंगर नि पक्षी नवऱ्याने. सही एकट्या नवऱ्याची. मी विचारलं तर बाई हसली आणि मला बटाट्याचं सूप वाढलं. आता स्वतःच्या सहीने काढणाऱ्या बायका आहेत, पण पुरुषांच्या मानाने कमी.

कॅनव्हास का नाही? चामड्यावर रंग बसतो कसा?

ढोलाची सवय, आणि मेंढ्या घरच्या. मेंढीचं कातडं भिजवायचं, लोकर नि मांस खरवडून काढायचं, ओलं असतानाच लाकडी चौकटीवर ताणून कडेने खिळे ठोकायचे आणि वाळत ठेवायचं. वाळलं की ते ढोलासारखं टणक वाजतं. मी टिचकी मारून बघितलंय, खरंच ‘टण’ असा आवाज येतो. मग पेन्सिलीने आखायचं, आधी आकाश नि डोंगर, मग शेतं, मग घरं, आणि सगळ्यात शेवटी माणसं-जनावरं.

पूर्वी पाण्यात कालवायचे रंग वापरत, मग डब्यातला ऑइलपेंट आला, म्हणजे आपण दाराखिडक्यांना देतो तसलाच. आता काही जण अॅक्रिलिकही वापरतात. बारीक कामाला कोंबडीचं पीस. त्याच्या टोकाचे दोन-चार तंतू ठेवून बाकीचे काढले की केसाएवढी रेघ येते. माझ्या चित्रात लाल पोंचोवाला एक माणूस करंगळीच्या नखाएवढा आहे, आणि त्याच्या पोंचोवर तीन पट्टे आहेत. भिंग लावून मोजलेत.

चौकटही मोकळी सोडत नाहीत. तिच्यावरही नक्षी असते, बहुतेकदा त्रिकोणांची किंवा फुलांची. त्यामुळे वेगळी फ्रेम करू नका. आमच्याकडच्या एका फ्रेमवाल्याने ‘ही जुनी पट्टी काढून छान सोनेरी बसवतो’ म्हटलं होतं, थोडक्यात वाचलं.

प्राणी कोणकोणते असतात?

लामा, मेंढ्या, डुकरं, कुत्री, गाढवं हे रोजचे. कोल्हा बहुधा एखाद्या दगडामागे दबा धरून असतो, धूर्तच, आपल्या गोष्टीतल्यासारखा. सणाच्या चित्रात मात्र नीट बघावं लागतं, कारण तिथला वाघ हा वाघ नसतो, वाघाचा मुखवटा घातलेला शेजारी असतो. ‘तीग्रे’ म्हणतात त्याला. स्पॅनिशमध्ये वाघ, पण अँडीज उतरून पलीकडे जंगलात असतो तो जग्वार. अस्वलाचे, माकडाचे, कुत्र्याचेही मुखवटे असतात. लाकडात कोरून त्याच झगझगीत रंगात रंगवलेले.

सगळी चित्रं अशी आनंदीच का असतात? सण, कापणी, लग्न…

विकायला तीच बरी जातात. पण सगळी तशी नाहीत.

हा भाग जहागिरीचा होता. १९६४ च्या जमीन सुधारणेपर्यंत इथल्या कुटुंबांना मालकाच्या शेतात राबावं लागे आणि बदल्यात कसायला एक तुकडा मिळे. त्या पद्धतीला ‘वासिपुंगो’ म्हणत. मुकादम घोड्यावर, हातात चाबूक, खाली वाकलेली माणसं, हे चित्र मी बघितलंय. आणि जून १९९० चा उठाव. त्या वेळी इक्वाडोरभरच्या मूळनिवासी संघटनांनी रस्ते अडवले आणि किटोत सांतो दोमिंगोचं चर्च व्यापून ठिय्या दिला. त्या उठावाची चित्रं तिग्वाच्या चित्रकारांनी काढली. तेच ठिपक्यांचे पोंचो, तेच गोधडीसारखे डोंगर, फक्त माणसं नाचण्याऐवजी रस्त्यावर दगड मांडतायत नि समोर सैनिक.

असं एक चित्र मी घेतलं नाही. बजेट संपलं होतं हे कारण मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे दिवाणखान्यात जरा जड वाटलं. अजून रुखरुख आहे.

चामडं आहे ना? मग देवघराच्या भिंतीला चालेल का?

हा प्रश्न आमच्या आत्येसासूबाईंचा. ज्यांना चालत नाही त्यांनी दुसऱ्या भिंतीवर लावावं, हे सरळ उत्तर. आत्यांना मी एवढंच म्हटलं, की कीर्तनातला मृदंग कशाचा असतो? त्या म्हणाल्या, ‘मृदंग वाजतो, हे वाजतंय का?’ मी टिचकी मारून दाखवली. चित्र तरीही सोफ्यावरच आहे.

पावसाळ्यात खराब होतं का?

होतं, आणि हे कुणीही विकताना सांगत नाही. चामडं दमट हवेत सैल पडतं. जुलैत माझ्या चित्राचं आकाश मधोमध फुगतं, डोंगराच्या नाकाला बाक येतो. ऑक्टोबरचं ऊन पडलं की आपोआप ताणलं जातं. डफ वाजवणारे डफ शेकून घेतात तसं शेकायच्या फंदात पडू नका. ऑइलपेंटला तडे जातात.

बाहेरच्या भिंतीला, जिला ओल येते, तिथे लावू नका. मागे चौकटीच्या कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा, म्हणजे हवा खेळते. काच घालायचीच असेल तर चित्राला टेकू देऊ नका. पहिल्या वर्षी मी काच लावली होती, ऑगस्टमध्ये आतून बुरशीचे पांढरे ठिपके आले. कोरड्या मऊ फडक्याने निघाले, पण एक मेंढी थोडी फिकी झाली. ओलं फडकं कधीच नाही. कसर लागू नये म्हणून मी मागच्या बाजूला कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी अडकवते. शास्त्र माहीत नाही, आईची सवय.

खरं की छापील, कसं ओळखायचं?

उलटं करून बघा. मागे चामड्याचा पिवळसर, थोडासा पारदर्शक रंग, केसांच्या मुळांचे बारीक टिपके आणि कडेला खिळे दिसायला हवेत. उजेडासमोर धरलं तर जनावराच्या कातड्याचे पातळ-जाड भाग कळतात. समोर खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आणि बहुतेक वेळा ‘तिग्वा’ असं लिहिलेलं असतं.

घाईत केलेली चित्रंही खरीच असतात, फक्त तितकी चांगली नसतात. मी मेंढ्यांकडे बघते. सगळ्या मेंढ्या एकसारख्या ठशासारख्या असतील तर पुढे सरकते. एखादी मागे वळून बघत असेल, एखादी कुंपण ओलांडत असेल, तर तिथे थांबते.

कुठे मिळतात?

किटोत शनिवार-रविवारी एल एहिदो बागेच्या कडेला चित्रकार मांडून बसतात. ओताव्हालोच्या शनिवारच्या बाजारात आणि किलोतोआच्या काठावरही मिळतात. पण जमलं तर तिग्वालाच जा. लाताकुंगाहून पश्चिमेला सुम्बावाकडे जाणारी बस पकडायची नि चिंबाकुचोला उतरायचं. रस्त्यालगतच चित्रांचं दालन आहे. तसंच पुढे गेलं की किलोतोआ. सुमारे तीन किलोमीटर रुंदीच्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं हिरवट पाणी. त्याला तळ नाही असं गावात सांगतात. इक्वाडोरमध्ये २००० सालापासून अमेरिकन डॉलरच चालतो, सुट्या नोटा जवळ ठेवा. भाव थोडा करतात, पण कोंबडीच्या पिसाने काढलेल्या तीन पट्ट्यांचा हिशेब मनात ठेवून करा.

अँडीजमधली सगळी लोकचित्रं अशीच असतात?

छे. पेरूमध्ये आयाकुचो भागात सार्वा नावाचं गाव आहे, तिथे लांबलचक लाकडी फळ्या रंगवतात. कुणी नवं घर बांधलं की मानलेल्या नात्यातला माणूस ती फळी भेट देतो आणि ती आढ्याला बसवतात. फळीवर घरातली नि नात्यातली माणसं एकावर एक खण करून काढलेली, खालून वर वाचायची. म्हणजे घराच्या छतालाच वंशावळ. त्यावर वेगळं लिहायला हवं.

चित्रातली मुलगी शेवटी परत येते का?

हा माझ्या सहा वर्षांच्या भाचीचा प्रश्न. काही पाठांत येते, काहींत नाही. चित्र घेताना मीही हेच विचारलं होतं. चित्रकाराने उत्तर दिलं नाही, फक्त बोट ठेवून दाखवलं. खाली डाव्या कोपऱ्यात, गवती छपराच्या झोपडीबाहेर एक कुत्रा उभा आहे, तांदळाएवढा. मेंढ्या सगळ्या चरतायत. तो एकटा मान वर करून आकाशाकडे बघतोय.